नियम सतरा

बरबँकच्या नऊ नंबरच्या स्टुडिओत
परलोक प्लायवूडचा आहे.
मागून पाहिलं तर खिळे दिसतात
आणि सुताराने पेन्सिलीत लिहिलेलं: ही बाजू खाली.

माझं काम चुका धरायचं.
मेलेल्या माणसाच्या डाव्या हातात कप असेल
तर पुढच्या शॉटलाही तो डाव्याच हातात हवा.

मालिका विनोदी. सगळे मेलेले एका मोटेलात उतरलेत,
चेक-आउटची वेळ पाटीवरून पुसली गेलीये.
नियमांची वही माझ्याकडे असते.
नियम चार: मेलेल्यांना भूक लागत नाही, सवय लागलेली असते.
नियम नऊ: आरशात दिसतात, पण मरतेवेळच्या कपड्यांत.
नियम अकरा खोडलाय.
त्यात देव होता, बजेटात बसला नाही.

मंगळवारी नवा लेखक टोबायस,
पोरगेलासा, नखं कुरतडणारा, म्हणाला,
'भिंतीतून आरपार जातात ना?
मग फरशीतून खाली का पडत नाहीत?'

कुणाच्या तरी हातातलं डोनट
तोंडाच्या अलीकडे थांबलं.

मग तीन तास.
लॉरीन म्हणाली, गुरुत्वाकर्षण जिवंतांपुरतं.
मग तरंगत वर का जात नाहीत?
आणि पृथ्वी फिरते, तर मोटेल
त्यांना मागे टाकून निघून कसं जात नाही?
ग्रेडी वैतागला: लोक हसायला बसतात, भूमिती सोडवायला नाही.
टोबायस हळूच: हसायलाही कशावर तरी बसावं लागतं.

सहा वाजता, नूडल्सचे खोके रिकामे झाल्यावर,
बोलायचा पगार नसताना मी बोलले:
'भिंतीवरचा विश्वास उडालाय त्यांचा.
फरशीवर आहे अजून.'

कुणी हसलं नाही. म्हणजे पटलं.
वहीत लिहून टाकलं. नियम सतरा.

घरी, ग्लेनडेलला,
आईला जाऊन सदतीस दिवस झालेत.
चाळिसाव्याला पाद्री येतील, धूप जळेल,
काकवा हलवा ढवळत भांडतील.
हायरिकने, म्हणजे माझ्या बापाने,
दाराशी तिच्या सपाता काढून ठेवल्यात,
मरून रंगाच्या, टाचेशी दबलेल्या.
'तिकडची फरशी गार असेल,' म्हणतो.
वार्तकेस मानुकियान. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली,
एका दात्याची चूक कानाने ओळखायचा.

माझ्या जिभेवर आलं होतं:
पाय नसतील तर गारवा लागेल कशाला?
आणि असतील, तर बूट घालूनच पुरली ना तिला,
तूच नाड्या बांधल्यास, दोनदा.
लाल शाईत दोन चुका तर उभ्याउभ्याच निघाल्या असत्या.
मी चहा टाकला.

रात्री पाणी प्यायला उठले.
सपातांची टोकं दाराकडे होती.
निघालेल्या माणसाच्या सपाता अशा असतात.
येणाऱ्याच्या उलट.

असल्याच गोष्टींचे फोटो काढते मी दिवसभर:
कप, हात, मेणबत्ती कितपत जळली.
त्याचा घोळ झाला असेल.
किंवा झाला नसेल,
तो तिला पोचवायला निघाला असेल
आणि मीच अजून हाका मारत असेन.

वाकले. अनवाणी होते.
फरशी खरंच गार होती.
टोकं घराकडे फिरवली.

सकाळी दाराशी तो बराच वेळ उभा.
दिसलंच असणार. याच्या नजरेतून काय सुटतं?
काही बोलला नाही.
पाव भाजला, चीजची बशी माझ्यापुढे सरकवली
आणि विचारलं,
'तुमच्या त्या मेलेल्यांचं काय झालं? पडले का?'

'नाही,' म्हटलं.
'अजून उभे आहेत.'